पन्नाशीच्या आसपास नवे काम शोधताना

पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात अनेकांना एक विशिष्ट अस्वस्थता जाणवू लागते. नोकरीत मिळायच्या तेवढ्या बढत्या मिळून झालेल्या असतात किंवा यापुढे त्या मिळणार नाहीत हे कळून चुकलेले असते, मुले शिक्षणासाठी परगावी गेलेली असतात, आईवडिलांची दुखणी सुरू झालेली असतात, आणि रोजचे काम हातखंडा झाल्यामुळेच त्यात मन रमेनासे होते. ज्या स्त्रियांनी वीस-पंचवीस वर्षे केवळ घर सांभाळले त्यांनाही, घरातली धावपळ ओसरल्यावर, आता दिवसाचे काय करायचे हा प्रश्न तितक्याच तीव्रतेने पडतो. ‘या वयात असे वाटतेच’ असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारू नये, असे मला मनापासून वाटते, कारण साठीनंतरही धडधाकटपणे काम करण्याजोगी बरीच वर्षे आज अनेकांच्या वाट्याला येतात.

या लेखातली सगळी मांडणी एका मतावर उभी आहे, ते आधीच सांगतो. नव्या कामाचा शोध पगार चालू असतानाच, थोड्या वेळात आणि थोड्या पैशांत सुरू करावा, आणि राजीनामा हा त्या शोधाचा अगदी शेवटचा टप्पा असावा. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: आधी प्रकृती तपासून घ्यावी

आयुष्याविषयीचा मोठा निर्णय थकलेल्या शरीराने आणि न झोपलेल्या डोक्याने घेऊ नये. सतत थकवा, कशातच रस न वाटणे, चिडचिड, पहाटे लवकर जाग येऊन मन पोखरत राहणे या तक्रारींमागे थायरॉइडचा बिघाड, रक्तातील साखर, ब१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, पंडुरोग अशी साधी कारणे असू शकतात. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीच्या आधीची काही वर्षे झोप आणि मनःस्थिती या दोहोंवर परिणाम करतात, आणि त्याविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोलण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही कमी आहे. म्हणून प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात.

उदासी काही आठवडे टिकून राहिली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात संकोच बाळगू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तेथे मराठीतही बोलता येते. उपचारांनी मन सावरल्यावर जुनीच नोकरी पुन्हा बरी वाटू लागण्याची शक्यता असते. तसे झाले, तर पुढच्या पायऱ्यांची घाई करण्याचे कारण उरत नाही.

दुसरी पायरी: कडेकडेने चालत आलेले काम ओळखावे

‘मला काय करायला आवडेल?’ हा प्रश्न विचारून बसल्यास बहुतेक वेळा हिमालयातली भटकंती, कोकणातले घर किंवा एखादे कॅफे अशी ठरावीक उत्तरे येतात, आणि ती बहुधा विश्रांतीची ओढ सांगतात. त्यापेक्षा अधिक उपयोगी प्रश्न असा की, गेली दहा-वीस वर्षे कोणीही न सांगता, पैसे न मिळता, मी काय करत आलो आहे? सोसायटीचे हिशेब तुम्हीच का पाहता? नातेवाईक रुग्णालयाची कागदपत्रे घेऊन तुमच्याकडेच का येतात? गणेशोत्सवात मुलांचे नाटक बसवायला तुम्हालाच का बोलावतात? वहीची एक-दोन पाने अशा नोंदींनी भरावीत. त्यानंतर आपल्याला जुन्यापासून ओळखणाऱ्या तीन-चार जणांना, शक्यतो एक नातेवाईक, एक सहकारी आणि एक शाळासोबती अशांना, तोच प्रश्न विचारावा. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतात तेथे लक्ष द्यावे.

महाराष्ट्रातली दोन सर्वज्ञात उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घसा तज्ज्ञ होते. पुण्यात आणि पुढे टांझानियात त्यांनी वैद्यकीय व्यवसाय केला, आणि १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिशीत, ते पूर्णवेळ व्यावसायिक रंगभूमीवर आले. हे धाडसच होते, परंतु त्यामागे वैद्यकीय शिक्षणाच्या काळापासून पुण्यातल्या प्रायोगिक नाट्यसंस्थेत सातत्याने केलेले काम होते. ज्या दिवशी त्यांनी शस्त्रक्रिया सोडली, त्या दिवशी ते नवखे नट नव्हते.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा, आणि महिला विद्यापीठाची स्थापना १९१६ सालची, म्हणजे तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न वर्षांचे होते. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती आणि तिने या कल्पनेला आकार दिला, हे प्रसिद्ध आहे. मात्र ती पुस्तिका ज्याच्या हाती पडली त्या माणसाने १८९६ पासून विधवांसाठी आश्रम आणि १९०७ पासून मुलींसाठी विद्यालय चालवले होते, आणि ते करताना फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्याची नोकरीही केली होती. वीस वर्षांच्या अशा पूर्वतयारीमुळेच त्या पुस्तिकेचे विद्यापीठ होऊ शकले. आपल्या आयुष्यातही अशी काही तयारी नकळत झालेली असते, आणि या पायरीवर नेमकी तीच शोधायची असते.

तिसरी पायरी: पैशांचा हिशेब कागदावर मांडावा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बहुतेक जण ती मनातल्या मनात उरकतात, आणि पुढे तेथेच अडकतात. गेल्या बारा महिन्यांचे बँक खाते आणि कार्डाची बिले समोर घेऊन वर्षाचा खरा खर्च काढावा. त्यात विम्याचे हप्ते, सोसायटीचे शुल्क, मुलांच्या फिया, गावाकडे पाठवायचे पैसे, लग्नकार्यांचे आहेर आणि दिवाळी हे सगळे धरावे. त्याखाली उरलेले गृहकर्ज, मुलांच्या शिक्षणाची शिल्लक वर्षे आणि आईवडिलांच्या आजारपणासाठी लागणारी रक्कम लिहावी. किमान दोन वर्षांचा घरखर्च मुदत ठेवीसारख्या सहज मोडता येणाऱ्या स्वरूपात वेगळा असेपर्यंत नोकरी सोडण्याचा विचार करू नये, असे मी सांगेन. कर्ज शिल्लक असेल तर ही मुदत आणखी वाढवावी.

खासगी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांनी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान दहा वर्षांची सेवा झाली असेल, तर पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मिळते. ते पन्नाशीनंतर आधीही घेता येते, परंतु दर वर्षामागे ४ टक्क्यांची कपात कायमची होते. शिवाय बहुतेकांच्या बाबतीत हे पेन्शन महिन्याला काही हजार रुपयांचेच असते, त्यामुळे त्यावर घर चालेल असे गृहीत धरू नये. दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला १५/२६ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणले की अंदाजे आकडा मिळतो. तो आजच काढून ठेवावा.

सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते ती आरोग्य विम्याची बाब. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो. पन्नाशीत मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाने नवी पॉलिसी घेतली, तर आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजारांचा खर्च विमा देत नाही असा सुरुवातीचा काळ, लागू होतो. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. म्हणून कंपनीचा विमा चालू असतानाच स्वतःची आणि जोडीदाराची स्वतंत्र पॉलिसी काढावी, म्हणजे नोकरी सुटेपर्यंत हा काळ सरून गेलेला असेल. प्रस्तावात एकही आजार लपवू नये. लपवलेला आजार नेमका दाव्याच्या वेळी समोर येतो आणि दावा नाकारला जातो.

चौथी पायरी: घरच्यांशी बोलावे, आणि कागद समोर ठेवून बोलावे

आपल्याकडे पुष्कळदा हा निर्णय मनात पक्का झाल्यावरच घरात सांगितला जातो, आणि मग ऐकणाऱ्याला विरोध करण्यावाचून काही उरत नाही. एका परिचित कुटुंबात नवऱ्याने जेवताना सहज म्हणून सांगितले की, पुढच्या वर्षी गावी जाऊन शेती करायची. त्यावर पत्नीने शांतपणे विचारले, “अहो, तुम्ही शेती म्हणता, पण आईंचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं. तालुक्याला ती सोय आहे का, ते आधी बघाल का?” हा विरोध नव्हता, ती योजनेतील खरी उणीव होती, आणि ती दाखवू शकणारी व्यक्ती घरातच होती. पुढे त्या दोघांनी मिळून गावाऐवजी जिल्ह्याच्या ठिकाणाजवळचा पर्याय शोधला.

त्यामुळे तिसऱ्या पायरीतला हिशेब जोडीदारासमोर ठेवावा आणि तीन प्रश्न विचारावेत: तुझी सर्वांत मोठी काळजी कोणती, किती पैसे बुडाले तरी आपल्याला चालतील, आणि तुझ्या मनात स्वतःसाठी काय आहे? तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जोडीदारही त्याच वयाचा असतो आणि त्याच्याही मनात हाच शोध चालू असू शकतो. दोघांनी एकाच वेळी उत्पन्न सोडू नये, मात्र पाळीपाळीने एकमेकांना वाव द्यावा, ही व्यवस्था मला सर्वांत न्याय्य वाटते. कॉलेजात जाणाऱ्या मुलांनाही आकड्यांची कल्पना द्यावी. आपण समजतो त्याहून ती बरीच अधिक समजूतदार असतात.

पाचवी पायरी: लहान प्रयोग करावा

या संपूर्ण वाटचालीचा गाभा हाच आहे. ज्या कामाकडे मन वळते आहे, त्याचे सर्वांत लहान पण खरे रूप शोधून ते सुटीच्या दिवशी, रजेत किंवा संध्याकाळी करून पाहावे. खरे म्हणजे काय, तर ज्यात समोर दुसरा माणूस आहे, त्याला त्या कामाची गरज आहे आणि ते चुकल्यास तो तसे सांगणार आहे. समुपदेशक व्हायचे असेल तर त्यावरची पुस्तके वाचणे हा प्रयोग नव्हे. एखाद्या संस्थेत प्रशिक्षण घेऊन ठरलेल्या दिवशी नियमित जाणे हा प्रयोग. शिकवायचे असेल तर वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना एक सत्रभर गणित शिकवावे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक आणि अभ्यासासाठी वाचक हवे असतात, तेथेही सुरुवात करता येते. लेखनिकाच्या शिक्षणाविषयीचे नियम मात्र परीक्षेनुसार बदलतात, ते आधी विचारून घ्यावेत.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण अशा प्रयोगात नेमके काय घडते हे त्यातून स्पष्ट होते. इतिहासाची आवड असलेल्या मध्यमवयीन माणसांसाठी मोडी लिपी हे आज अतिशय अर्थपूर्ण क्षेत्र आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातले कितीतरी व्यवहार मोडीत लिहिले जात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांची प्रचंड संपत्ती आहे, आणि घराघरांतल्या पेट्यांमध्ये जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे पडून आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती काम करू लागली, तेव्हा ठिकठिकाणी मोडी वाचकांची निकड एकदम जाणवली. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते, आणि अनेक शहरांत इतिहासप्रेमी मंडळेही असे वर्ग चालवतात.

वर्गात अक्षरे शिकायला फार काळ लागत नाही. खरी परीक्षा पहिला मूळ कागद समोर आल्यावर होते. पानभर आडव्या रेषा आधी ओढलेल्या असतात आणि त्यांना टांगल्यासारखी अक्षरे लेखणी न उचलता सलग लिहिलेली असतात. दोन शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. राजश्रीऐवजी नुसता ‘रा’ आणि त्यापुढे खूण असते. तारीख शक, फसली किंवा सुहूर सनात असते आणि तिचे इसवी सनात रूपांतर करावे लागते. कोतवाल बुकातल्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतल्या, एका ओळीवर अर्धा तास जातो आणि एक आडनाव लागते. हा अर्धा तास ज्याला जड वाटत नाही, उलट संपूच नये असे वाटते, त्याला त्याचे काम सापडले आहे. ज्याला तो नकोसा होतो, त्याने इतिहासाची पुस्तके आनंदाने वाचावीत. त्यात काही कमीपणा नाही, आणि हे कळण्यासाठी त्याला वर्गाच्या माफक शुल्काखेरीज काहीच गमवावे लागलेले नसते.

प्रत्येक प्रयोगाला सहा महिन्यांची मुदत द्यावी आणि रोजनिशीत प्रत्येक वेळी तीन नोंदी कराव्यात: काम करताना वेळेचे भान कधी सुटले, कोणता भाग टाळावासा वाटला, आणि पुन्हा कोणी बोलावले का. या शेवटच्या नोंदीला मी सर्वाधिक महत्त्व देतो. आपल्याला आवडणारे पण कोणालाच नको असलेले काम हा छंद असतो, आणि छंद म्हणून तो जरूर जपावा. पहिला प्रयोग जमला नाही तर दुसरा घ्यावा, परंतु एका वेळी एकच.

सहावी पायरी: लागेल तेवढेच शिक्षण घ्यावे

प्रयोगाआधी पदवीच्या मागे लागू नये. प्रयोगातून दिशा पक्की झाली आणि तेथे प्रमाणपत्राची खरोखर गरज आहे असे दिसले, तरच प्रवेश घ्यावा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून नोकरदारांसाठी दूरशिक्षण देत आहेत. ‘स्वयम्’ या सरकारी मंचावरचे अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरते शुल्क भरावे लागते.

पन्नाशीत वकिलीकडे वळणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे, म्हणून त्याविषयी दोन शब्द. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या राज्य प्रवेश परीक्षेला कमाल वयाची अट नाही. मात्र हा अभ्यासक्रम नियमित उपस्थितीचा आहे, आणि सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. बँक, महसूल, विमा किंवा पोलीस खात्यात हयात गेलेल्यांना त्यांच्या त्याच विषयातल्या अनुभवाचा येथे मोठा आधार मिळतो.

सातवी पायरी: व्यवसाय किंवा शेती असेल तर काही मर्यादा आखाव्यात

नवे काम म्हणजे व्यवसाय असेल, तर राहते घर तारण ठेवू नये आणि भविष्य निर्वाह निधीची पूर्ण रक्कम त्यात घालू नये. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असताना सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नसते, तेव्हा सुरुवातीलाच सल्लागारांवर मोठा खर्च करण्याचे कारण नाही. घरगुती खाद्यपदार्थ विकायचे असतील तर अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र पहिल्या डब्यापासून हवी.

शेतीविषयी अधिक सावध राहावे. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी खरेदीदार शेतकरी असावा लागतो, त्यामुळे आपले नाव वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर लागले आहे का, हे प्रथम तलाठी कार्यालयातून पाहावे. भावंडांच्या सामाईक जमिनीवर वाटणीआधी पैसे घालणे हे पुढच्या भांडणाचे निश्चित कारण ठरते. आंब्याच्या कलमांना व्यापारी उत्पन्न देण्याइतके मोठे होण्यास काही वर्षे लागतात, तोवरचा घरखर्च कोठून येणार, याचे उत्तर तिसऱ्या पायरीच्या कागदावर असले पाहिजे. जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षण घ्यावे आणि किमान एक पावसाळा पूर्ण गावी काढून पाहावा.

शेवटची पायरी: नोकरीतून बाहेर पडणे

सलग वर्षभर प्रयोग टिकला, त्यातून काही बोलावणी येऊ लागली, दोन वर्षांचा खर्च बाजूला आहे, आरोग्य विम्याचा प्रतीक्षाकाळ संपला आहे आणि घरात एकमत आहे, अशी स्थिती आल्यावर राजीनाम्याचा विचार करावा. त्याआधी मधला मार्ग उपलब्ध आहे का ते अवश्य विचारावे: अर्धवेळ काम, सल्लागार म्हणून ठरावीक दिवस, बिनपगारी दीर्घ रजा. वरिष्ठ नाही म्हणतील असे आपण न विचारताच ठरवून टाकतो. अनेक कंपन्यांना अनुभवी माणूस थोडा वेळ का होईना हवा असतो.

सूचना-कालावधी, बोनसची तारीख आणि शिल्लक रजेचे रोखीकरण यांचे नियम नेमणूकपत्रात पाहून राजीनाम्याचा दिनांक ठरवावा. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातील नाव, जन्मतारीख आणि वारसाची नोंद आधार कार्डाशी जुळते का हे नोकरीत असतानाच तपासावे, कारण नंतर दुरुस्तीसाठी जुन्या कार्यालयाच्या सही-शिक्क्यामागे धावावे लागू शकते. वय पंचावन्न ते साठच्या दरम्यान असेल, तर निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुंतवता येते. ही मुदत चुकली तर साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते.

बाहेर पडल्यावरचे पहिले काही महिने अवघड जातात. सकाळी निघायचे ठिकाण नसते, फोन कमी वाजतो, लग्नकार्यात ‘सध्या काय करता?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. त्यासाठी कामाची जागा आणि वेळ पहिल्या दिवसापासून ठरवून घ्यावी. घरातल्या जेवणाच्या टेबलापेक्षा सार्वजनिक वाचनालय किंवा मित्राच्या कार्यालयातली एक खुर्ची बरी. जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघा-तिघांशी संबंध टिकवावेत. सहा महिन्यांनी जोडीदारासोबत बसून तिसऱ्या पायरीतला तोच कागद पुन्हा काढावा आणि प्रत्यक्ष खर्च अंदाजाशी ताडून पाहावा. बाजूला ठेवलेल्या रकमेतले निम्मे पैसे संपले असतील आणि नव्या कामातून काहीच येत नसेल, तर त्याच क्षेत्रात अर्धवेळ पगारी काम शोधण्यास तेव्हाच सुरुवात करावी, पैसे संपण्याची वाट पाहू नये.